लिम्फोमाच्या रिपोर्टवरचा पीडी-एल१ : टक्का बघायचा की पेशी?

काचपट्टी

धागा काढायचं कारण असं, की हल्ली लिम्फोमाचा (लसीका गाठींच्या कॅन्सरचा) ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, घेऊन येणाऱ्या नातेवाइकांची एकच मागणी असते : "मॅडम, पीडी-एल१ करा आणि टक्के लिहून द्या." ५० च्या वर आले तर इम्युनोथेरपी लागू पडते, खाली आले तर पैसे पाण्यात, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं. घरातलं माणूस आजारी, काखेत फाइल, आणि सगळ्यांचा जीव त्या एका आकड्यापाशी टांगणीला लागलेला. ५० टक्क्यांची ती रेघ फुफ्फुसाच्या कॅन्सरमधली आहे. लिम्फोमाला ती लावायची नसते. मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे, लिम्फोमाच्या काचा रोज बघते. म्हणून माझ्या बाजूने जे दिसतं ते लिहिते. उपचारांचं ज्यांना माहीत आहे त्यांनी भर घालावी.

आधी थोडं मूलभूत. आपल्या टी पेशींवर (प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशींवर) पीडी-१ नावाचा रेणू असतो. समोरच्या पेशीवर पीडी-एल१ किंवा पीडी-एल२ असेल आणि ते पीडी-१ ला चिकटले, तर टी पेशीला लगाम बसतो. संसर्ग आटोक्यात आल्यावर प्रतिकारशक्तीने स्वतःचंच शरीर कुरतडत बसू नये, यासाठीची ही सोय. पीडी-१ चं जनुक क्योटोच्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडलं. सीटीएलए-४ या दुसऱ्या लगामावर अमेरिकेत जेम्स अॅलिसन काम करत होते. २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून मिळालं. निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं म्हणजे पीडी-१ अडवणाऱ्या अँटीबॉडीज. ती थेट कॅन्सरच्या पेशीला मारत नाहीत, टी पेशीचा लगाम सोडतात.

आता काचेवर काय दिसतं ते. क्लासिकल हॉजकिन या लिम्फोमाच्या प्रकारातली गाठ कापून बघितली तर कॅन्सरच्या पेशी शोधाव्या लागतात. त्या, म्हणजे रीड-स्टर्नबर्ग पेशी, बरेचदा १ ते ५ टक्केच असतात. बाकी सगळी टी पेशी, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी, मॅक्रोफेज (जंतू-कचरा गिळणाऱ्या पेशी) अशी भरती. जत्रेत पाकीटमार दोनच आणि बघ्यांची गर्दी मैदानभर, तसं. या गाठीला पीडी-एल१ चा रंग दिला की रीड-स्टर्नबर्ग पेशींचा काठ गडद तपकिरी उठतो, पेन्सिलीने गिरवल्यासारखी सलग कड. पण त्यांच्या भोवतीचे मॅक्रोफेजही तपकिरी होतात, कधी कधी तितकेच गडद. एकाच रंगाची काच बघून "८० टक्के" लिहिलं, तर ते ८० टक्के कुणाचे? ट्यूमरचे की मॅक्रोफेजचे? म्हणून जमेल तिथे दुहेरी रंग देतात : केंद्रकासाठी पॅक्स-५ (बी पेशींच्या केंद्रकातली खूण) लाल आणि कडेसाठी पीडी-एल१ तपकिरी. रीड-स्टर्नबर्ग पेशीचं केंद्रक पॅक्स-५ ला फिकट लाल होतं, मॅक्रोफेजचं होतच नाही. मग फिकट लाल केंद्रक आणि तपकिरी कड एकाच पेशीत दिसली की खात्रीने बोट ठेवता येतं.

हॉजकिनमध्ये ही कड इतकी गडद का, याचं उत्तर नवव्या गुणसूत्रात आहे. ९पी२४.१ या जागेवर पीडी-एल१ आणि पीडी-एल२ ही जनुकं शेजारी शेजारी आहेत, आणि जवळच जॅक-२ हे पेशीला संदेश देणारं जनुक सुद्धा. हॉजकिनच्या पेशीत हा अख्खा तुकडा जादा प्रतींमध्ये असतो. जनुकाच्या प्रती जास्त म्हणून प्रथिन जास्त, आणि जॅक-२ वाढल्यामुळे ते आणखी जास्त. बॉस्टनच्या मार्गारेट शिप यांच्या गटाने २०१० मध्ये हे मांडलं. २०१६ मध्ये त्याच गटाने १०८ रुग्णांच्या गाठी फिश पद्धतीने (जनुकाच्या प्रती चमकत्या ठिपक्यांनी मोजून) तपासल्या, तेव्हा ९७ टक्के गाठींत या जागेवर काही ना काही गडबड निघाली : ५ टक्क्यांत पॉलिसोमी (अख्खं गुणसूत्रच जादा), ५६ टक्क्यांत प्रतींची वाढ, ३६ टक्क्यांत अॅम्प्लिफिकेशन, म्हणजे प्रतींचा ढीगच. अॅम्प्लिफिकेशनवाल्यांचा आजार पुढच्या स्टेजचा असण्याचं प्रमाण जास्त होतं आणि पहिल्या उपचारानंतर तो लवकर उलटला.

ज्या आजारात जवळपास प्रत्येक रुग्णाकडे ही खूण आहे, त्यात "आहे की नाही" या तपासणीने निवड कुणाची करणार? म्हणूनच क्लासिकल हॉजकिनमध्ये ही औषधं देण्याआधी पीडी-एल१ ची चाचणी सक्तीची नाही. निदानाला मात्र माझ्यासारखीला तिची मदत होते, तो भाग वेगळा. त्याबद्दल खाली लिहीनच.

ईबी (एपस्टाइन-बार) विषाणूचाही इथे हात आहे. या विषाणूचं एलएमपी-१ हे प्रथिन पेशीकडून जास्तीचं पीडी-एल१ बनवून घेतं, मग जनुकाच्या प्रती फारशा वाढलेल्या नसल्या तरी. आपल्याकडच्या हॉजकिनमध्ये, त्यातही लहान मुलांच्यात, हा विषाणू पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त सापडतो.

---

पन्हाळकर

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्या धाकट्या भावाला हॉजकिन आहे. एबीव्हीडीचे सगळे किमो झाले, पेट स्कॅन स्वच्छ आला, आम्ही पेढे वाटले. वर्षाच्या आत मानेत परत गाठ. पुन्हा बायोप्सी, पुन्हा हॉजकिन. एका लॅबमधून पीडी-एल१ करून घेतला तर "१५ टक्के" आला. घरात सगळ्यांनी धसका घेतलाय. आई म्हणते, आता ते इंजेक्शन लागू पडणार नाही. डॉक्टर म्हणतात तो आकडा बघू नका. आम्ही बघायचं तरी काय?

---

काचपट्टी

पन्हाळकर दादा, डॉक्टर बरोबर सांगताहेत. १५ टक्के हा आकडा कशाचा, ते रिपोर्टमध्ये लिहिलंय का बघा. काही लॅबमध्ये ट्यूमरच्या पेशी वेगळ्या न काढता आकडा लिहितात. सगळ्या पेशी मोजायच्या आणि त्यातल्या किती रंगल्या ते लिहायचं. हॉजकिनमध्ये ट्यूमरच्या पेशीच मुळात ५ टक्के. त्या सगळ्या गडद रंगल्या आणि वर थोडे मॅक्रोफेज रंगले, तर एकूण आकडा १५ च्या आसपास येणं अगदी शक्य आहे. म्हणजे तुमच्या भावाच्या शंभरातल्या शंभर रीड-स्टर्नबर्ग पेशी रंगलेल्या असू शकतात आणि कागदावर १५ दिसू शकतं.

शिवाय रंग द्यायच्या अँटीबॉडीचे क्लोन (वाण) वेगवेगळे असतात : २२सी३, २८-८, एसपी१४२, एसपी२६३. एसपी१४२ ट्यूमरच्या पेशी त्यातल्या त्यात कमी रंगवतो. हे क्लोन घन ट्यूमरांच्या औषधांसोबत घडवले गेले, त्यांच्या रेघाही तिथल्याच. लॅबला फोन करून एवढंच विचारा : क्लोन कोणता, आणि टक्केवारी रीड-स्टर्नबर्ग पेशींची की सगळ्या गाठीची? आईंना म्हणावं, त्या आकड्याने दार बंद झालेलं नाही.

---

रातवा

मी मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट, रक्ताचे आजार आणि लिम्फोमा हेच माझं काम. काचपट्टी मॅडमनी पाया छान घातलाय. उपचारांची बाजू मी मांडतो.

२०१५ साली निवोलुमॅबचे पहिले आकडे छापून आले तेव्हा आम्ही ते दोनदा वाचले. २३ रुग्ण, सगळे बरेच उपचार होऊन थकलेले. बहुतेकांचं स्वतःच्या स्टेम सेलचं प्रत्यारोपण आणि ब्रेंटुक्सिमॅब (हॉजकिनच्या पेशीपर्यंत थेट विष नेणारं औषध) दोन्ही होऊन गेलेलं. त्यातल्या २० जणांच्या गाठी आकसल्या, म्हणजे ८७ टक्के. त्यानंतरच्या मोठ्या चाचण्यांत आकडा थोडा खाली येऊन स्थिरावला : निवोलुमॅबच्या चाचणीत २४३ रुग्ण, पेम्ब्रोलिझुमॅबच्या चाचणीत २१०, आणि दोन्हींत प्रतिसाद ६९ टक्के. अमेरिकेत निवोलुमॅबला हॉजकिनसाठी मे २०१६ मध्ये परवानगी मिळाली, पेम्ब्रोलिझुमॅबला मार्च २०१७ मध्ये. पुढे पेम्ब्रोलिझुमॅब आणि ब्रेंटुक्सिमॅब समोरासमोर तपासले, तेव्हा आजार पुन्हा डोकं वर काढेपर्यंतचा मध्यम काळ १३.२ महिने विरुद्ध ८.३ महिने असा निघाला.

पण ६९ टक्के प्रतिसादात आजार पूर्ण नाहीसा होणारे थोडे. बऱ्याच जणांना आंशिक फायदा होतो आणि तोही पुढे ओसरतो. पन्हाळकर, तुमच्या भावासारख्या तरुण रुग्णात बहुधा या औषधाने किंवा दुसऱ्या किमोने आजार दाबायचा आणि मग स्वतःच्या स्टेम सेलचं प्रत्यारोपण करायचं, अशी दिशा असते. ती तुमच्या डॉक्टरांकडून समजून घ्या. पुढेमागे भावाच्या किंवा बहिणीच्या स्टेम सेलचा विषय निघाला, तर आधी पीडी-१ चं औषध झालंय हे त्या टीमला ठळक सांगायचं. कारण त्यानंतर दात्याच्या पेशी अंगावर उलटण्याचा धोका वाढतो आणि टीम त्याप्रमाणे औषधं बदलते.

खरा बदल पहिल्या फळीत, म्हणजे नव्या रुग्णांच्या पहिल्याच उपचारात झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये छापून आलेल्या अमेरिकी चाचणीत १२ वर्षांपुढचे, तिसऱ्या-चौथ्या स्टेजचे नवे रुग्ण घेतले. अर्ध्यांना निवोलुमॅब अधिक एव्हीडी ही किमो, अर्ध्यांना ब्रेंटुक्सिमॅब अधिक एव्हीडी. दोन वर्षांनी आजार न वाढलेले ९२ टक्के विरुद्ध ८३ टक्के. एकाचीही निवड पीडी-एल१ बघून केलेली नव्हती.

---

मृण्मयी_न

रातवा सर, माझ्या आत्याला डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा आहे. परत उलटलाय. तिच्या रिपोर्टवर पीडी-एल१ ६० टक्के आहे. मला वाटलं ६० म्हणजे चांगलंच. पण तिचे डॉक्टर निवोलुमॅबचं नावही काढत नाहीत, कार-टी (रुग्णाच्याच टी पेशी लॅबमध्ये बदलून परत देणं) आणि दुसऱ्या औषधांबद्दल बोलतात. आतेभाऊ म्हणतो, हे डॉक्टर टाळताहेत, दुसरीकडे जाऊ.

---

रातवा

मृण्मयी, आतेभावाला थांबवा. डॉक्टर टाळत नाहीत, ते आकडे बघून बोलताहेत. निवोलुमॅब एकटं घेऊन डिफ्यूज लार्ज बी सेलमध्ये १२१ रुग्णांची चाचणी झाली. प्रत्यारोपणानंतर उलटलेल्यांत १० टक्क्यांना फायदा, प्रत्यारोपण झेपणार नव्हतं त्यांच्यात ३ टक्क्यांना. फॉलिक्युलर लिम्फोमात तर ९२ रुग्णांत ४ टक्के. हॉजकिनचे ६९ कुठे आणि हे कुठे. कार-टी हा आत्यासाठी कितीतरी भक्कम रस्ता आहे, त्याची चौकशी लवकर करा, कारण पेशी तयार होऊन यायला आठवडे लागतात.

नाव एकच असलं तरी लिम्फोमा हा एक आजार नाही. सीएलएल या सावकाश वाढणाऱ्या बी पेशींच्या रक्तकॅन्सरमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब १६ रुग्णांना दिलं, एकालाही उपयोग नाही. त्याच अभ्यासात सीएलएल बिघडून रिश्टर, म्हणजे आक्रमक लिम्फोमा, झालेले ९ जण होते, त्यातल्या ४ जणांना फायदा झाला.

---

चार्ल्सकाठी

मी बॉस्टनमध्ये लिम्फोमावरच संशोधन करते, मूळची नाशिकची. रातवा सरांच्या आकड्यांमागचं कारण सांगायचा प्रयत्न करते.

बी सेल लिम्फोमांत पीडी-एल१ दोन वाटांनी येतो. एक, गुणसूत्रातच बदल असतो, ट्यूमर स्वतःच्या बळावर तो रेणू बनवतो. क्लासिकल हॉजकिन आणि छातीच्या मधल्या भागातला प्रायमरी मेडियास्टिनल बी सेल लिम्फोमा यात हे ठळक आहे. मेडियास्टिनलमध्ये पेम्ब्रोलिझुमॅबला जून २०१८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, ५३ रुग्णांत ४५ टक्के प्रतिसादावर. दुसरी वाट म्हणजे आसपासच्या टी पेशी इंटरफेरॉन हे इशाऱ्याचं रसायन सोडतात आणि त्याला उत्तर म्हणून ट्यूमर किंवा मॅक्रोफेज पीडी-एल१ चढवतात. दुसऱ्या वाटेनेही काच तपकिरीच दिसते. बहुतेक डिफ्यूज लार्ज बी सेलच्या गाठींत ९पी२४.१ चा बदल नसतो. आत्याचे ६० टक्के कुठल्या वाटेचे, ते नुसता रंग बघून कळत नाही. आणि कळलं तरी, कार-टी उपलब्ध असताना त्याने निर्णय बदलेल असं मला वाटत नाही.

मेंदूतल्या आणि वृषणातल्या लिम्फोमात हा बदल वारंवार सापडतो, म्हणून तिथे मोठी आशा होती. पहिल्या ५ रुग्णांत पाचही जणांना फायदा झाला, पण मेंदूच्या लिम्फोमाच्या पुढच्या मोठ्या चाचणीत ते टिकलं नाही. म्हणून जनुक वाढलेलं असणंही पुरेसं नाही, आणि मला या विषयात सर्वांत जास्त रस इथेच आहे.

हॉजकिनमध्येच बघा. पुस्तकी चित्र असं की लगाम सुटला की सीडी८ मारेकरी टी पेशी ट्यूमरवर तुटून पडतात. पण सीडी८ पेशीला शत्रू ओळखायला समोर एमएचसी वर्ग-१ (पेशीच्या आत काय आहे ते बाहेर दाखवणारा रेणू) लागतो, आणि बहुतेक रीड-स्टर्नबर्ग पेशींनी तो टाकून दिलेला असतो, बरेचदा त्याला आधार देणाऱ्या बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचं जनुक बिघडवून. मग ६९ टक्के कुठून आले? २०१८ च्या एका अभ्यासात एमएचसी वर्ग-२ (सीडी४ पेशींसाठीचा तसाच रेणू) शाबूत असलेल्या रुग्णांना निवोलुमॅबचा फायदा जास्त टिकला, म्हणजे रोख सीडी४ या मदतनीस टी पेशींकडे जातो. जर्मन गटाने तर पहिल्या डोसनंतर काही दिवसांतच पुन्हा बायोप्सी घेतल्या. रीड-स्टर्नबर्ग पेशी झपाट्याने दिसेनाशा होत होत्या आणि मारेकरी पेशींची झुंबड मात्र कुठेच नव्हती. पीडी-एल१ वाले मॅक्रोफेज आणि दडपणाऱ्या टी पेशी कमी झालेल्या. त्यावरून असं वाटतं की ट्यूमरला जगवणारं शेजारच औषधाने उठवलं. रीड-स्टर्नबर्ग पेशी एकटी जगू शकत नाही, ती प्रयोगशाळेत वाढवायला किती जड जाते ते आम्हाला रोज दिसतं.

बाकीचे लगामही आता मोजले जाताहेत. रीड-स्टर्नबर्ग पेशींना अगदी चिकटून असलेल्या टी पेशींवर बरेचदा पीडी-१ नसतोच, सीटीएलए-४ असतो, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं. व्हँकुव्हरच्या गटाने एकेक पेशी वेगळी वाचून लॅग-३ असलेल्या सीडी४ पेशींचा घेर दाखवला, तोही जिथे ट्यूमरवर एमएचसी वर्ग-२ नाही तिथे जास्त. टिम-३ आणि टिजिट यांच्यावरही काम चालू आहे. मॅक्रोफेजला रोखणारा सीडी४७ हा आणखी एक. त्यावरचं मॅग्रोलिमॅब रिटुक्सिमॅबसोबत २०१८ मध्ये २२ रुग्णांत निम्म्यांना लागू पडलं होतं, पण पुढे दुसऱ्या रक्तकॅन्सरांच्या मोठ्या चाचण्यांत निराशा झाली आणि तो कार्यक्रम बंद पडला. यातला एकही मार्कर अजून रोजच्या रिपोर्टमध्ये मागण्यासारखा झालेला नाही. लॅबच्या जाहिरातीत "चेकपॉइंट पॅनल" दिसलं तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, त्याने उपचारात काय बदलणार.

---

देवगडकर

सगळं वाचतोय, बरंच नवीन कळलं. एक साधी शंका. फायदा होवो न होवो, देऊन बघायला काय हरकत? लगामच तर सोडायचा आहे. खर्च सोडला तर तोटा काय?

---

रातवा

काका, तोटा होऊ शकतो, आणि काही लिम्फोमांत जिवावरचा.

एचटीएलव्ही-१ विषाणूमुळे होणारा प्रौढांतला टी सेल ल्युकेमिया-लिम्फोमा आहे, जपानच्या नैर्ऋत्य भागात जास्त. २०१८ मध्ये त्याच्या तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. निवोलुमॅबचा एकच डोस दिला आणि आजार भडकला. कारण विचार केला तर उघड आहे : इथे कॅन्सरची पेशी स्वतःच टी पेशी. पीडी-१ चा लगाम तिच्याही मानेवर असतो. तो सोडला की तीच उधळते. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याच्या आधीच्या वर्षी दिसलं होतं, की टी पेशीच्या कॅन्सरमध्ये पीडी-१ ट्यूमरला आवर घालणारं जनुक म्हणून वागतं.

आणि लगेच याच्या उलट उदाहरण : नाकातला एनके/टी सेल लिम्फोमा, ईबी विषाणूचा. २०१७ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब ७ रुग्णांना दिलं, सातही जणांना फायदा. म्हणून "टी सेल आहे, दिलं" किंवा "टी सेल आहे, नको" असं सरसकट बोलता येत नाही. निदान नेमकं हवं.

---

काचपट्टी

देवगडकर काकांच्या शंकेला जोडूनच. वर म्हटलं होतं की निदानात या मार्करची मदत होते, ती अशी.

अँजिओइम्युनोब्लास्टिक टी सेल लिम्फोमात ट्यूमरच्या पेशी फॉलिक्युलर हेल्पर जातीच्या असतात. त्या स्वतः पीडी-१ घालून बसतात, सोबत सीडी१०, बीसीएल-६, सीएक्ससीएल-१३, आयकॉस. यातले दोन-तीन जमले की निदान पक्कं व्हायला लागतं. इथे रिपोर्टवर "पीडी-१ पॉझिटिव्ह" लिहिलं म्हणजे पेशीची जात सांगितली, औषध सुचवलेलं नाही. नोड्युलर लिम्फोसाइट प्रिडॉमिनंट हॉजकिनमध्ये मोठ्या पेशीभोवती पीडी-१ वाल्या छोट्या टी पेशींचं कडं दिसतं, फुलाच्या पाकळ्यांची मांडणी असते तसं. तेही निदानाचंच साधन. हे वाचून काही नातेवाईक आनंदाने विचारतात, "पीडी-१ पॉझिटिव्ह आलाय, म्हणजे इम्युनोथेरपी चालणार ना?" त्यांना परत बसवून समजावावं लागतं. ज्या लॅबा या दोन उपयोगांमधला फरक एका ओळीत लिहून देतात, त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

---

आबोली

मी पणजीहून. हॉजकिन उलटल्यावर मला निवोलुमॅब मिळालं, आता आजार नाही. किमोच्या तुलनेत सलाईनचा दिवस कितीतरी सोपा होता. केस गेले नाहीत, उलट्या नाहीत. पण काही महिन्यांनी एवढा थकवा आला की जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागायचं. थंडी वाजायची, वजन वाढलं, आवाज घोगरा झाला. घरचे म्हणाले, आजारपणाचा थकवा आहे, खा-पी आणि झोप. डे-केअरच्या सिस्टरने ऐकल्या ऐकल्या डॉक्टरांना सांगितलं आणि टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) करवला. थायरॉइड पार बसला होता. गोळी सुरू केली, ती आता कायमची. इंजेक्शन थांबवावं लागलं नाही.

दुसरं, पहिल्या पेट स्कॅनला काखेतली एक गाठ मोठी दिसली. आम्ही हादरलो. डॉक्टर म्हणाले, थांबू आणि पुन्हा बघू. पुढच्या स्कॅनला ती गेली होती.

---

रातवा

आबोलीताई, छान लिहिलंत. तुमच्या सिस्टरसारखी नजर सगळीकडे असायला हवी. थायरॉइड हा या औषधाचा नेहमीचा परिणाम आणि सोपा. काळजी करायची ती नव्याने लागलेल्या कोरड्या खोकल्याची आणि दम लागण्याची, दिवसातून बऱ्याचदा होणाऱ्या जुलाबांची, काविळीची, छातीत दुखण्याची. फुफ्फुस, आतडं, यकृत, क्वचित हृदय यांच्यावर स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते. औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणून वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. लवकर स्टिरॉइड दिलं तर बहुतेकदा आवरतं.

गाठ आधी मोठी दिसून मग ओसरणं होऊ शकतं. टी पेशींची गर्दी झाली तरी गाठ फुगते. यासाठी २०१६ मध्ये लिम्फोमाच्या स्कॅनचे खास निकष आले. त्यात "अनिश्चित" असा एक वर्ग ठेवलाय, की लगेच औषध बंद करू नका, काही आठवड्यांनी पुन्हा बघा किंवा बायोप्सी करा. अर्थात रुग्ण खालावत असेल तर वाट बघत बसायचं नसतं.

---

पन्हाळकर

लॅबला फोन केला. क्लोन एसपी१४२, आणि टक्केवारी सगळ्या गाठीची. ताईंनी सांगितलं होतं तेच. घरी सांगितल्यावर आई पहिल्यांदा नीट जेवली.

आता अडचण पैशांची. पूर्ण डोस आम्हाला झेपत नाही. कमी डोसमध्ये देतात असं ऐकलं, ते खरं की आम्हाला गप्प करायला?

---

रातवा

खरं आहे आणि त्यामागे विचारही आहे. अगदी कमी मात्रेतही टी पेशींवरचे बहुतेक पीडी-१ व्यापले जातात, हे सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसलं होतं. नेहमीचा निवोलुमॅबचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या गटाने उलटलेल्या हॉजकिनच्या ३० रुग्णांना ठरावीक ४० मिलिग्रॅम दिलं, तर दहातल्या सातांना प्रतिसाद मिळाला. पूर्ण डोसच्या जवळ जाणारा आकडा. आपल्या टाटा मेमोरियलने डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये २० मिलिग्रॅम तीन आठवड्यांनी देऊन चाचणी केली, ती २०२३ मध्ये छापून आली. एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. तो आजार वेगळा, पण कमी मात्रेचं औषध काम करतं याचा तो भक्कम पुरावा, आणि तो मुंबईतून आला याचा मला अभिमान आहे.

हॉजकिनमध्ये पूर्ण डोस आणि कमी डोस समोरासमोर ठेवलेली मोठी चाचणी असती तर मी आणखी ठामपणे बोललो असतो. पण पूर्ण डोस परवडत नाही म्हणून काहीच न देणं आणि कमी डोस देणं यातून निवडायचं झालं, तर मी कमी डोस देतो. कंपन्यांच्या रुग्ण-मदत योजना, धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा, मुख्यमंत्री सहायता निधी, यांची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात करा. तिथल्या बाईंना कागदांची यादी तोंडपाठ असते.

---

मृण्मयी_न

आत्याचा कार-टीचा विचार सुरू केलाय. आतेभावालाही हा धागा वाचायला दिला. अजून एक विचारू का? आत्याला तरुणपणी टीबी झाला होता. त्याचा या सगळ्याशी संबंध येतो का?

---

काचपट्टी

येतो, आणि आपल्याकडे तर फारच. टीबीच्या ग्रॅन्युलोमातले (प्रतिकारपेशींच्या गोळ्यांतले) मॅक्रोफेजही पीडी-एल१ ने रंगतात. त्यातून हॉजकिनच्या गाठीतही कधी कधी ग्रॅन्युलोमा असतात. सुईने काढलेल्या पाण्यात ग्रॅन्युलोमा दिसले, एकेटी (टीबीची औषधं) सुरू केली, सहा महिने गोळ्या खाऊन गाठ तशीच, आणि मग पूर्ण गाठ काढल्यावर हॉजकिन निघाला, अशा फायली मी बघितल्या आहेत. म्हणून लिम्फोमाची शंका असेल तर सुईवर भागवू नका, शक्य असेल तिथे अख्खी गाठ काढून द्या. पीडी-एल१ चा तपकिरी रंग टीबी आणि हॉजकिनमध्ये फरक करत नाही. तो फरक सीडी३०, सीडी१५, पॅक्स-५ या खुणा आणि पेशीचा चेहरा यांनी होतो.

---

रातवा

उपचाराच्या बाजूने : पीडी-१ नसलेले उंदीर टीबीला लवकर बळी पडतात, आणि पीडी-१ च्या औषधांवर असताना टीबी उफाळल्याच्या नोंदी माणसांतही आहेत. म्हणून ही औषधं सुरू करायच्या आधी आम्ही जुन्या टीबीची चौकशी करतो, छातीचा स्कॅन नीट बघतो. आत्याला हे औषध द्यायचं नसलं तरी कार-टीच्या टीमलाही जुना टीबी आवर्जून सांगा. कोणत्या साली झाला, किती महिने औषध घेतलं, हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा.

---

पन्हाळकर

ताई, दुसऱ्या मतासाठी भावाचा ब्लॉक मुंबईला पाठवायचाय. लॅबवाले देतील का? आणि कसा पाठवायचा?

---

काचपट्टी

देतात, लेखी अर्ज आणि ओळखपत्र लागतं. ब्लॉक, सगळ्या आयएचसीच्या (अँटीबॉडीचे रंग दिलेल्या) काचा आणि मूळ रिपोर्टची प्रत, तिन्ही मागा. शक्य असेल तर पहिल्या वेळच्या आणि आत्ताच्या, दोन्ही बायोप्सींचे ब्लॉक पाठवा, म्हणजे तोच आजार उलटलाय का ते शेजारी ठेवून बघता येतं. अर्जात "पीडी-एल१ करा" एवढंच लिहू नका. "निदानाची फेरतपासणी, ईबी विषाणूची ईबर चाचणी, आणि पीडी-एल१ केल्यास रीड-स्टर्नबर्ग पेशींवरचा वेगळा लिहावा" असं लिहा. काचा प्लास्टिकच्या स्लाइड बॉक्समध्ये ठेवा, कागदात गुंडाळल्या तर फुटतात. ब्लॉकला बर्फ लागत नाही, पण उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहू देऊ नका, मेण मऊ पडतं. आणि कुणी स्वतः घेऊन जाणार असेल तर पोच लेखी घ्या, त्यावर ब्लॉकचा नंबर घालून.